सगळं इन्क्लूड

११ जानेवारी, रविवार

नवीन डायरी. एका व्हेंडरने ऑफिसात आणून दिलेली, कव्हर लेदरचं वाटतं. या वर्षी रोज लिहायचं. (पहिले दहा दिवस धरायचे नाहीत.)

मुख्य बातमी. २२ फेब्रुवारीला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. सकाळी साडू गिरिधरचा फोन. म्हणाला, सगळे मिळून मालदीवला जाऊ, सगळं माझ्याकडे लागलं. लागलं! लग्न माझं, पंचवीस वर्षं मी काढली आणि लागलं याच्याकडे! सांगितलं ठणकावून, या खेपेला सगळं मी करणार, मामा-मामींना, म्हणजे सासू-सासऱ्यांनासुद्धा मीच नेणार, समुद्र चेन्नईत पण आहे. फोन ठेवल्यावर मनात खर्चाचा आकडा मांडला. पण बरं वाटलं.

रंजनीला विचारलं, तुला काय हवं. बायकोला विचारून ठरवणारा नवरा वेलचेरीत मी एकटाच असेन. ती भेंडी चिरत होती. म्हणाली, मला काही नको, तीन दिवस 'आज काय केलंयस' हे कोणी विचारायला नको, एवढंच. आणि समोर समुद्र असला तर बरं.

म्हणजे तिला जेवणात भरपूर व्हरायटी हवी आहे. इतकी की विचारायची गरजच पडू नये. तेव्हा ऑल-इन्क्लुसिव्ह बीच रिसॉर्ट. पाच मिनिटांत निर्णय!

मग विचारलं, आज काय केलंयस. भेंडी.

१३ जानेवारी

बावीस वर्षं परचेसमध्ये काढली आहेत. नुंगंबाक्कमच्या आमच्या ऑफिसात माझ्या सहीशिवाय स्क्रूसुद्धा येत नाही. बॉयलरचा व्हॉल्व असो नाहीतर समुद्र, पद्धत एकच. आधी गरज लिहून काढायची, मग तीन कोटेशनं मागवायची, मग तिघांनाही झुलवायचं.

गरज लिहून काढली. सासरे वादिराजराव, म्हणजे मामा, एग्मोरला राहतात, रिटायर्ड हेडमास्तर: त्यांना शांतता आणि सोवळ्याची सोय. सासूबाई सरोजामामींना गुडघ्यांमुळे तळमजला. कन्या स्वरदाला वायफाय, ती आयटीत आहे, तिला दुसरं काही लागत नाही. रंजनीला व्हरायटी. मला व्हॅल्यू फॉर मनी.

स्वरदाला दाखवलं. म्हणाली, बाबा, धिस इज नॉट अ टेंडर. म्हटलं, अगं, जगात टेंडर नसलेलं काय आहे? ती म्हणाली, अम्माचा कॉलम नीट वाचा परत. वाचलं. बरोबर आहे. व्हरायटी.

१८ जानेवारी, रविवार

तीन कोटेशनं आली.

पहिलं पुदुच्चेरीच्या अलीकडचं. प्रत्येक खोलीला स्वतःचा स्विमिंग पूल, एक माणूस दिवसभर दिमतीला आणि ड्रिंक्स अनलिमिटेड. आमच्यात पिणारं कोणी नाही. मी ऑफिसच्या पार्टीत घेतो ती सोशल. म्हणजे हे लोक आमच्याकडून न प्यायलेल्या दारूचे पैसे घेणार. शिवाय मामांच्या दिमतीला माणूस ठेवला तर तो तिसऱ्या दिवशी विष्णुसहस्रनाम म्हणायला लागेल. बाद.

दुसरं महाबलीपुरमच्या पुढचं. तिन्ही वेळचा बुफे, चार वाजता चहा आणि गरम बज्जी (म्हणजे आपली भजी), तळमजला आहे, समुद्र समोर. रेट तोंडचं पाणी पळवणारा.

तिसरं कोवलमचं (केरळातलं नव्हे, आमच्या चेन्नईजवळचं). स्वस्त. इतकं स्वस्त की संशय आला. पुढच्या शनिवारी साइट व्हिजिट.

२४ जानेवारी

कोवलमला जाऊन आलो. वेंकटला बरोबर नेलं, तो अकाउंट्समध्ये आहे, संशय घेण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. तिथल्या मॅनेजरने सांगितलं, ऑल-इन्क्लुसिव्ह म्हणजे सर, सकाळचा नाश्ता इन्क्लूड, पाण्याच्या दोन बाटल्या इन्क्लूड. मी विचारलं, दुपारचं जेवण? ते एक्स्ट्रा. टॉवेल? डिपॉझिट. समुद्र? त्याने गच्चीवर नेलं, पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं आणि म्हणाला, सर, डावीकडे थोडं वाका. वाकलो. होता. वेंकटने फोटो काढला. समुद्र आला नाही, मी आलो.

बाद! मी कोणी लुंगासुंगा गिऱ्हाईक नाही.

म्हणजे महाबलीपुरमवालंच. आता रेट खाली आणायचा. ही माझी लाइन आहे.

२९ जानेवारी

एकादशी. मला पंचांग बघावं लागत नाही, ताटात साबुदाण्याची खिचडी आली की एकादशी समजायची. आज फर्स्टक्लास झाली होती, दोनदा घेतली, वर ताक. या घरात माझ्याइतका नेमाने उपास कोणी करत नाही. स्वरदा तर सरळ इडली खाते. रंजनी आत स्वयंपाकघरातच खाते.

नाशिक सोडून अठ्ठावीस वर्षं झाली, पण संस्कार सोडले नाहीत. सासरच्या लोकांचं मराठी तंजावरचं. 'सगळं'ला 'अस्की' म्हणतात, निम्मं तमिळ बोलतात. पंचवीस वर्षं मी यांना सुधारतोय. रीतिरिवाजसुद्धा माझ्याकडे बघून शिकले असते तर बरं झालं असतं.

१ फेब्रुवारी, रविवार

विजय! २२ तारीख रविवार, तिचा रेट बघूनच घाम फुटला होता. मी रिसॉर्टवाल्यांना फिरवलं. सोमवार विचारला, मंगळवार विचारला, बुकिंगच्या बाईंना तीन वेळा होल्डवर ठेवलं. शेवटी गुरुवार २६ ते शनिवार २८, एकदम पडेल भाव. अट एकच, पैसे परत नाहीत. मी म्हटलं, परत मागतो कोण?

रंजनीला सांगितलं. ती म्हणाली, तारीख बघितलीत का? बघितली का म्हणजे! महिनाभर तारखाच बघतोय. ती म्हणाली, तसं नाही, सत्तावीस म्हणजे... मी हात वर केला. म्हटलं, पण-बिण काही नको, तू फक्त पोट घेऊन यायचं. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, नक्की. तेव्हा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

पैसे भरून टाकले.

संध्याकाळी मामांचा फोन. एरवी ते मला फोन करत नाहीत, मुलीकडून निरोप देतात. आज स्वतः. "मापळे, दिवस बेष धरलात." (मापळे म्हणजे जावई. तमिळ.) म्हणाले, लग्नाच्या तारखेचा मोह सोडून हा दिवस धरलात, एवढा विचार तुम्ही कराल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, मामा, खूप अभ्यास केला त्याच्यामागे. म्हणाले, दिसतंच आहे.

रेटची बातमी एग्मोरपर्यंत पोचली तर. गिरिधरचं असं कौतुक त्यांनी कधी केलेलं नाही.

६ फेब्रुवारी

वेंकट गेल्या वर्षी गोव्याला असल्या ठिकाणी जाऊन आला. म्हणाला, सर, ऑल-इन्क्लुसिव्हमध्ये लोक एक चूक करतात, भरल्या पोटी जातात. पैसे वसूल करायचे तर पोट रिकामं घेऊन गेलं पाहिजे. सकाळचा नाश्ता नाही, वाटेत कॉफी नाही, थेट दुपारच्या बुफेवर जाऊन पडायचं. आणि भात शेवटी. भात घेतला की माणूस संपला.

हुशार माणूस. अकाउंट्समध्ये वाया जातोय.

ठराव: २६ ला सकाळपासून काही खायचं नाही.

१३ फेब्रुवारी

एकादशी. खिचडीत मीठ कमी. आता मी काही बोलणारा माणूस नाही, पण बोललो. म्हटलं, करताना जरा चाखून बघत जा. रंजनी म्हणाली, आज नाही चाखता येत.

रुसली असावी. लग्नाचा वाढदिवस जवळ आला की बायका हळव्या होतात. मीठ वरून घेतलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

पंचवीस वर्षं. सकाळी देवळात. दुपारी रंजनीने पुरणपोळी केली, कटाची आमटी, दोन भाज्या, कोशिंबीर. मी म्हटलं, कशाला एवढं, गुरुवारपासून आहेच की. ती म्हणाली, हो, गुरुवारपासून आहे. दिवसभरात तीनदा म्हणाली, आता चारच दिवस. एवढी आतुरता मी तिच्यात बघितली नव्हती. बुफेची ही ताकद आहे.

गिरिधरचा फोन, मालदीव अजून खुलं आहे म्हणाला. राहू दे म्हटलं खुलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ९

पोट रिकामं. रंजनीने उपमा पुढे ठेवला, नको म्हटलं. मनावर ताबा असला की सगळं जमतं.

दुपारी १

एग्मोरला मामा-मामींना घ्यायला गेलो तर ते जेवूनच निघाले. भात, सांबार, रसम, ताक, सगळं साग्रसंगीत! मी म्हटलं, मामी, कशाला जेवलात, तिकडे छप्पन्न प्रकार आहेत. त्या म्हणाल्या, आज एकदाच जेवायचं ना. मी म्हटलं, छे, कितीही वेळा. मामांना फार हसू आलं. आमच्या दोघांचं इतकं जमेल असं वाटलं नव्हतं.

दुपारी ३

पोचलो. समुद्र खरंच समोर. रंजनी गाडीतून उतरली ती सरळ वाळूपर्यंत गेली आणि उभीच राहिली. बॅगा मी उतरवल्या.

रिसेप्शनवर प्रत्येकाच्या मनगटाला निळा पट्टा. प्लास्टिकचा, कापल्याशिवाय निघत नाही. हा दाखवला की सगळं फुकट, म्हणजे भरलेलं. फॉर्म, आधारकार्ड, सह्या यात दुपारचा बुफे बंद झाला. एक नारळपाणी मिळालं, छोट्या ग्लासात. काही हरकत नाही. भूक साठतेय. रात्रीच वसूल करू.

चारच्या बज्जीला मामींची खोली बदलून घेत होतो. पंखा आवाज करत होता. गेली बज्जी.

रात्री ९

हे आडवं पडून लिहितोय. अशक्तपणाने.

बुफे उघडला तेव्हा पहिला मी. पनीर तीन प्रकारचं, डोशाचा तवा, चाटचा ठेला, गरम जिलब्या. मी ताट उचललं. रंजनी आणि स्वरदा समोर बसल्या होत्या, वेटर विचारून विचारून वाढत होता. रंजनीने त्याला सांगितलं, तुम्हीच ठरवा. तो तिला आवडेल असं आणत राहिला आणि ती खात राहिली.

म्हटलं मामा-मामी अजून कसे नाहीत, बोलावून आणू. ताट तसंच टेबलावर ठेवून गेलो. तीच चूक.

मामा खोलीबाहेर खुर्चीवर बसले होते. म्हणाले, आज दशमी, आज रात्री आम्ही जेवत नाही, हें तुम्हांस माहीतच. उद्या एकादशी. परवा द्वादशी, पहाटे पारणं सोडायचं, त्या रात्री पुन्हा नाही. दशमी, एकादशी, द्वादशी, अस्की तीन दिवस बरोब्बर धरलात, तेंही समुद्रापाशी. गिरिधर आम्हांला मालदीवला न्यायला निघाला होता, पंचांग उघडून बघितलंन का त्याने?

मी मनात तीन दिवसांचे बुफे मोजले. पण मी परचेसमधला माणूस आहे. म्हटलं, मामा, काळजी नको, उद्या मी किचनला सांगून साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याची भाजी, सगळं उपासाचं करवून घेतो. मामा म्हणाले, तो फराळ. एकादशीला आमच्यात पाणीसुद्धा नाही.

पाणीसुद्धा नाही!

मग त्यांनी माझा हात हातात घेतला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, मला वाटायचं, आमचा मोठा जावई साबुदाण्यातला. आज कळलं. उद्या तुम्हीही आमच्याबरोबर निर्जल ना?

समोर गिरिधरचा चेहरा आला. मी म्हटलं, अर्थात. आज रात्रीचंसुद्धा सोडलं आहे.

परत आलो तर माझं ताट वेटरने उचललं होतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ८

मन खंबीर आहे. गिरिधर आयुष्यात एक एकादशी करू शकलेला नाही, मामांनीच काल सांगितलं. हा सामना मी जिंकणार.

स्वरदाने डायनिंग हॉलमधून फोटो पाठवला. वाफाळलेलं पोंगल, वर तूप. खाली लिहिलंय, बाबा, व्हॅल्यू फॉर मनी. आम्हां पाचांतून भरलेले पैसे वसूल करणारी ती एकटीच.

सकाळी ११

मामा सहस्रनाम म्हणतायत. मी शेजारी बसलो. मध्येच विचारलं, द्वादशी पहाटे किती वाजता लागते. मामा खूश. म्हणाले, एवढी ओढ?

दुपारी २

तहान. समोर एवढं पाणी आणि सगळं खारट. समुद्राचा राग आला.

रंजनी सकाळपासून समुद्राकडच्या पायऱ्यांवर बसली आहे. काही वाचत नाही, फोन नाही. मधूनच पाय पाण्यात. मी जवळून दोनदा गेलो, तिला कळलंच नाही. कंटाळली असणार बिचारी. एवढी व्हरायटी आणि एक घास नाही. मलाच अपराधी, छे, अपराधी कशाला, तारीख रिसॉर्टच्या डिस्काउंटने ठरवली.

दुपारी ४

बज्जीचा वास थेट खोलीत येतो. बांधणाऱ्याने काय विचार करून बांधलंय हे!

मामा झोपलेत. मी फक्त बघून येतो.

संध्याकाळी ५.३०

सविस्तर लिहितो, कारण पुढे कोणी वेगळं सांगू नये.

मी फक्त बघायला गेलो होतो. खांबामागे, कुंडीच्या आड एक टेबल होतं. तिथे बसून मिरचीच्या बज्ज्या बघितल्या. मग एक जवळून बघितली. चौथ्या बज्जीला समोरची खुर्ची सरकली. रंजनी. चपला हातात, पायांना वाळू.

मी म्हटलं, घे एक, मामा झोपलेत. ती म्हणाली, आज एकादशी. मी म्हटलं, घरी खिचडी चालते आणि इथे बज्जी चालत नाही, हे कुठलं शास्त्र? ती म्हणाली, खिचडी तुम्हांला चालते.

म्हणजे?

म्हणजे मी एकादशीला पाणीसुद्धा घेत नाही. शाळेत होते तेव्हापासून.

मी म्हटलं, काहीतरीच. मग पंचवीस वर्षं खिचडीच्या दिवशी आत काय जेवत होतीस? ती म्हणाली, आत तुमची खिचडी परतत होते. मला वाटलं चेष्टा करतेय. तोंडाकडे बघितलं, चेष्टा नव्हती. एकदम मीठ आठवलं.

मी आवाज चढवला. हळूच चढवला, वेटर होते. म्हटलं, मग सांगायचं नाही? ती म्हणाली, पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तुम्ही वा म्हणालात आणि पेपर उलटलात. मी म्हटलं, बरं ते जाऊ दे, ही तारीख तरी? म्हणाली, दोनदा विचारलं. मग म्हटलं, राहू दे, सांगितलं तर तुम्ही बदलून घ्याल. लग्न झाल्यापासून ही पहिली एकादशी आहे, मी चुलीपाशी उभी नाही. पोटात काही नसताना शेंगदाणे भाजायला लागले नाहीत. सकाळपासून समुद्राकडे बघतेय, कोणी काही विचारलं नाही. फार छान रिसॉर्ट निवडलात.

हे शेवटचं वाक्य मुद्दाम अधोरेखित करून ठेवतो. फार छान रिसॉर्ट निवडलात. तिचे शब्द.

सावकाश खा, तिखट आहे, असं सांगून ती परत पाण्याकडे गेली. प्लेटमध्ये दोन उरल्या होत्या. खाल्ल्या नाहीत. कसंतरी झालं होतं. रिकाम्या पोटी मिरची, दुसरं काय!

२८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी १०

रात्रभर पोटात आग. रिसेप्शनवरून डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी काय खाल्लं विचारलं, मी म्हटलं, समुद्राची हवा. त्यांनी दोन दिवस फक्त दही आणि केळं सांगितलं.

पहाटे पारणं. मामींनी घरून पोहे, दही आणि केळी आणलेली. हॉटेलच्या स्वयंपाकाला त्या हात लावणार नव्हत्या, हे बुकिंगच्या वेळी कोणीतरी सांगायला हवं होतं. मामांनी पहिली वाटी मला दिली. सगळ्यांच्या आधी! म्हणाले, पहिल्याच खेपेला एवढं निभावलंत. मी रंजनीकडे बघितलं. तिने माझ्या वाटीत जास्तीचं दही घातलं.

तिथेच बसून मामांनी गिरिधरला फोन लावला आणि माझं उदाहरण दिलं. स्पीकरवर. या क्षणासाठी मी काय काय सोसलंय! पण पाहिजे तशी मजा आली नाही. दही आंबट होतं.

शेवटचा नाश्ता साडेसातला उघडला. मी दारातून बघितला. डोसे फार काही खास दिसत नव्हते.

२ मार्च

वेंकटने विचारलं, सर, वसूल? मी म्हटलं, पुरेपूर. त्याने मनगटाकडे बघितलं. निळा पट्टा अजून हातात आहे. कापणार नाही. पूर्ण पैसे भरलेत, जितके दिवस टिकेल तितके दिवस वापरणार.

ठराव: पुढच्या एकादशीला रंजनीला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायचं नाही. मी निर्जल करणार. खिचडीचा प्रश्नच मिटला. बज्जी ही टेक्निकल चूक होती, तयारीशिवाय कोणीही घसरेल.

मला वाईट वगैरे काही वाटलेलं नाही. हा फक्त व्यवस्थापनातला बदल आहे.

१५ मार्च, रविवार. सकाळी ७

पापमोचनी एकादशी. या वेळी पंचांग मी स्वतः बघितलं. निर्जल सुरू. रंजनीला सांगितलं, आज तू सोफ्यावरून उठायचं नाही. ती म्हणाली, नक्की? म्हटलं, नक्की.

सकाळी ८.१५

चहा घेतला. चहा औषधात धरतात.

सकाळी १०

निर्जल हा ज्याच्या त्याच्या घराण्याचा प्रश्न आहे. आमच्या नाशिककडे फराळ चालतो, आणि माणसाने आपले संस्कार सोडू नयेत. मात्र खिचडी मी स्वतः करणार. शब्द म्हणजे शब्द. साबुदाणा डब्यात आहे, शेंगदाणे आहेत, यात अवघड काय आहे?

दुपारी १२

साबुदाणा आदल्या रात्री भिजवावा लागतो. हे पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहायला नको? कोरडाच कढईत टाकला, तो तडतडला. मग पाणी घातलं, त्याचा एक गोळा झाला. कूट करताना शेंगदाणे जळले. निळा पट्टा तुपात भिजलाय, तरी सुटत नाही. दोनदा बाहेर जाऊन विचारणार होतो, जिरं आधी की मिरची आधी. दाराशी गेलो आणि परत आलो. विचारलं नाही. याची कोणीतरी नोंद घ्यावी.

दुपारी १२.४०

रंजनी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. तिच्या बहिणीचा, गिरिधरच्या श्रीदेवीचा फोन आला. कुठे गेलात का या एकादशीला, असं विचारत असावी. रंजनी म्हणाली, नाही गं, घरीच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, समुद्र नाही, बाकी सगळं इन्क्लूड आहे. आणि दोघी बराच वेळ हसल्या. फोन आल्यावर ती उठली नाही, हे महत्त्वाचं.

गोळा ओट्यापाशी उभा राहूनच खाल्ला, ताटात घेण्यासारखा नव्हता. मीठ घालायचं राहिलं होतं. चाखून बघितला असता तर कळलं असतं. आज मला चाखता येत होतं.

भांडी घासून ठेवली. हात पुसत बाहेर आलो. पंचवीस वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं, ते आज मुद्दाम, तिच्या शेजारी बसून, नीट विचारलं.

म्हटलं, तुझं जेवण झालं का?

ती म्हणाली, आज एकादशी आहे.